फॉर्मिक ॲसिड, अमोनियम फॉर्मेट की टीएफए? एलसी-एमएससाठी निवड करताना

एलसी-एमएसमध्ये नमुन्यातले रेणू आधी कॉलममध्ये वेगळे होतात आणि मग मास स्पेक्ट्रोमीटर ते मोजतो. कॉलममधून वाहणाऱ्या द्रावणात कोणतं आम्ल किंवा मीठ घालायचं, हा इथला प्रश्न. कॉलमला जे मानवतं ते मास स्पेक्ट्रोमीटरला चालेलच असं नाही, आणि सगळी ओढाताण इथेच होते. फॉस्फेट बफरचा विचार आधीच बाजूला ठेवा. तो उडून जात नाही, सोर्सवर, म्हणजे जिथे द्रावणाचा स्प्रे होऊन आयन बनतात तिथे, थर साचतो.

पॉझिटिव्ह मोडमध्ये (धन आयन मोजताना) सुरुवात 0.1 टक्का फॉर्मिक ॲसिडने करावी. पीएच 2.7 च्या आसपास येतो आणि सिग्नलही चांगला मिळतो. त्याची उणीव दिसते ती बेसिक (अल्कधर्मी) रेणूंच्या पीकमध्ये, म्हणजे आलेखावरच्या त्यांच्या उंचवट्यात. उदाहरणार्थ, अमिट्रिप्टिलिन हे बेसिक औषध. या पीएचला ते पूर्ण प्रभारित असतं, पण द्रावणाची आयनिक स्ट्रेंग्थ (त्यातलं आयनांचं प्रमाण) अगदी कमी. त्यामुळे कॉलमवर बसलेले रेणू मागून येणाऱ्यांना दूर लोटतात. नमुना जरा जास्त झाला की पीक तिरका होतो, शेपूट लांबते.

अशा वेळी बरेच जण थेट टीएफएकडे (ट्रायफ्लुओरोॲसेटिक ॲसिडकडे) वळतात. पीक खरोखर देखणे होतात, कारण टीएफए बेसिक रेणूंशी आयन-जोडी बांधतं. पण तीच जोडी स्प्रेच्या थेंबातही टिकते आणि सिग्नल दबतो. शिवाय ते नळ्यांमध्ये रेंगाळतं. नंतर निगेटिव्ह मोड (ऋण आयन मोजणारा) लावला की टीएफएचा 113 वस्तुमानाचा आयन दिसत राहतो.

माझं स्पष्ट मत आहे की टीएफएआधी फॉर्मिक ॲसिडसोबत 10 मिलिमोलर अमोनियम फॉर्मेट घालून पाहावं. आयनिक स्ट्रेंग्थ वाढते, शेपूट आखडते आणि सिग्नलची घट सहसा सोसण्याजोगी असते. ट्रायग्लिसराइडसारख्या उदासीन रेणूंना अमोनियम चिकटून आयन मिळतो, हा वर फायदा. मात्र द्रावणात ॲसिटोनायट्राइल (सेंद्रिय द्रावक) 90 टक्क्यांच्या पुढे गेलं की हे मीठ खाली बसू शकतं, म्हणून बी बाटलीत, म्हणजे ॲसिटोनायट्राइलच्या बाटलीत, थोडं पाणी ठेवा.

निगेटिव्ह मोडसाठी अमोनियम ॲसिटेट बरं. पण पीएच 7 ला त्याला बफर समजू नका. त्याची बफर क्षमता 4.8 आणि 9.2 च्या आसपास असते, मध्ये जवळजवळ नाहीच. बेसिक रेणू कॉलमवर थांबतच नसतील, तर अमोनिया घालून पीएच 10 वर नेता येतो. त्यासाठी तो पीएच सोसणारा हायब्रिड कॉलम (सिलिकात सेंद्रिय भाग मिसळलेला) लागतो, साधा सिलिका विरघळतो.

काहीही बदलण्याआधी तोच नमुना दहापट पातळ करून पुन्हा इंजेक्ट करा. पीक सरळ झाला, तर दोष ओव्हरलोडचा आहे आणि अमोनियम फॉर्मेटने काम भागण्याची शक्यता मोठी.