कोझुमेलला जाताय? टाइमशेअरवाल्यांपासून सांभाळा, आणि नंतर येणाऱ्या फोनपासून तर जास्तच

हिवाळ्याच्या सुट्टीत कॅरिबियनला जायचं बुकिंग आपले बरेच लोक करतात म्हणून हे लिहितेय, जरा लांबलंय पण पूर्ण वाचा आणि घरच्यांनापण सांगा.

मी आणि ताई कोझुमेलला गेलो होतो. मेक्सिकोचं बेट, प्लाया देल कार्मेनहून फेरीने साधारण पाऊण तास, पण आम्ही विमानाने थेट बेटावर उतरलो. ती न्यू जर्सीला, मी डॅलसला, लग्नं झाल्यापासून दोघींनीच अशी सुट्टी कधी काढली नव्हती, त्यामुळे समुद्रात डुंबायचं, झोपायचं, गप्पा मारायच्या एवढंच ठरवलं होतं. बेट खरंच सुंदर आहे, पालांकार रीफवर पाण्यात नुसतं तोंड घातलं तरी मासेच मासे.

फसवणूक एअरपोर्टवरच सुरू होते. कस्टम्स झाल्यावर बाहेर पडायच्या आधी छातीला बिल्ला लावलेली माणसं उभी असतात, "टॅक्सी? कुठलं हॉटेल?" असं इतक्या अधिकाराने विचारतात की एअरपोर्टचाच स्टाफ वाटतो. ते टाइमशेअर, म्हणजे रिसॉर्टमधली जागा दरवर्षी ठरावीक दिवस वापरायचा हक्क, विकणारे असतात. आम्हाला सांगितलं की हॉटेलपर्यंत गाडी फुकट, स्नॉर्केलिंगची बोट अर्ध्या किमतीत, फक्त उद्या एका रिसॉर्टवर नाश्त्याला या, दीड तासात मोकळ्या. वर ४० डॉलर डिपॉझिट घेतलं, ते आजतागायत परत आलेलं नाही.

दुसऱ्या दिवशी आत गेल्या गेल्या ताईचं लायसन्स आणि क्रेडिट कार्ड "रजिस्ट्रेशनसाठी" काढून घेतलं आणि दुपार उलटून गेली तरी काही आम्हाला सोडेनात. समोरचा माणूस अतिशय गोड, आल्या आल्या नमस्ते, मुलं काय करतात, वर्षाला सुट्टीवर किती खर्च होतो, सगळं विचारून घेतलं. मग कोऱ्या कागदावर आकडे लिहायला लागला, तेही उलटे, म्हणजे त्याच्या बाजूने उलटे आणि आम्हाला सरळ दिसतील असे, हात इतका सरावलेला. ३८,००० डॉलरपासून सुरुवात, नाही म्हटलं की मॅनेजर येणार, किंमत उतरणार, परत नाही म्हटलं की आणखी मोठा मॅनेजर. शेवटी १४,००० वर आले आणि "नको असेल तेव्हा आम्हीच भाड्याने देऊन तुमचे पैसे काढून देऊ" असं तोंडी वचन दिलं. ते आकड्यांचे कागद त्याने स्वतःकडेच ठेवले. ताईने सही केली, ४,२०० डॉलर कार्डवर गेले. आणि रात्री हॉटेलवर काँट्रॅक्ट नीट वाचलं तर तोंडी दिलेली कुठलीही वचनं कंपनीवर बंधनकारक नाहीत असं छापलेलं, खाली तिची सही घेतलेली.

आता महत्त्वाचं. मेक्सिकोच्या ग्राहक कायद्यात कलम ५६ आहे, त्याप्रमाणे कामकाजाच्या ५ दिवसांत असा करार काही दंड न भरता रद्द करता येतो. आम्ही दुसऱ्या दिवशी सकाळीच त्यांच्या ऑफिसला गेलो तर म्हणाले मॅनेजर आज नाही, सोमवारी या, सोमवारी म्हणाले फॉर्म मेलवर पाठवतो, आणि असं करत करत मुदत संपवली. म्हणून त्यांच्या फॉर्मची वाटच बघू नका. त्याच दिवशी स्वतः लेखी पत्र द्या, पोच घ्या, तेच ईमेलनेपण पाठवा आणि मेक्सिकोची सरकारी ग्राहक संस्था आहे, प्रोफेको, तिच्याकडे तक्रार टाका. आमची कार्डवरची तक्रार बँकेने फेटाळली, कारण सही आहे.

इथे संपलं असतं तरी एक वेळ चाललं असतं. काही महिन्यांनी ताईला न्यूयॉर्कच्या नंबरवरून फोन आला, तुमच्या टाइमशेअरला गिऱ्हाईक आहे, २६,००० डॉलर द्यायला तयार आहे. काँट्रॅक्ट नंबर बरोबर, तारीख बरोबर, मेलवर शिक्के मारलेली कागदपत्रं. फक्त मेक्सिकोचा टॅक्स आधी भरावा लागेल म्हणून २,४०० डॉलर वायर करायला लावले. मग आणखी एक फी निघाली, तेव्हा तिने मला फोन केला. मी थांबवलं, पण पहिले २,४०० गेले ते गेलेच.

त्यांना एवढी माहिती कशी? अमेरिकन सरकारच म्हणतं की रिसॉर्टमधलीच फितूर माणसं टाइमशेअर घेतलेल्यांच्या याद्या पुरवतात आणि यामागे हलिस्कोची ड्रग कार्टेल आहे. २०१९ ते २०२३ मध्ये साधारण ६,००० अमेरिकन लोकांनी मेक्सिकोतल्या टाइमशेअर फ्रॉडमध्ये मिळून जवळपास ३० कोटी डॉलर गेल्याचं एफबीआयला कळवलंय, आणि लाजेपोटी न कळवणारे वेगळेच. ताईसुद्धा आधी नको म्हणत होती, भावजींना कळेल म्हणून. मी तिच्या शेजारी बसून एफबीआयच्या आयसीथ्री साइटवर तक्रार भरली. माझ्या बहिणीला स्वतःचीच लाज वाटावी याचा मला पैशांपेक्षा जास्त राग आहे.

सध्या तिला तिसऱ्या प्रकारचे फोन येताहेत, आम्ही वकील आहोत, तुमचे बुडालेले पैसे काढून देतो, फी फक्त आधी भरा. ते पण त्याच धंद्यातले, नंबर ब्लॉक करा आणि एक पैसा पाठवू नका.