शुक्रवारचं ॲप आणि मावश्यांचा व्हिडिओ कॉल (साताऱ्यातून)

ॲपला तीन स्टार, मावश्यांना पाच, आधीच सांगून टाकते.

आम्ही बेने इस्राएल, म्हणजे कोकणातले मराठी बोलणारे ज्यू, माझं माहेर ठाण्याचं, नवऱ्याची बदली झाली म्हणून दोन वर्षांपूर्वी साताऱ्यात आलो आणि इथं आमच्यातलं दुसरं घर मला तरी अजून सापडलेलं नाही. ठाण्यात 1879 चं देऊळ आहे (सिनेगॉगला आम्ही देऊळच म्हणतो), तिथं सण कधी ते बघावंच लागायचं नाही, कुणीतरी सांगायचंच. इथं आल्यावर पहिल्याच वर्षी मी एक सण चक्क विसरले, मग भावाने हे ॲप टाकून दिलं.

ॲप काय करतं तर शब्बाथचे (शुक्रवार संध्याकाळपासून शनिवार संध्याकाळपर्यंतचा आमचा विश्रांतीचा दिवस) दिवे लावायची वेळ सांगतं, म्हणजे सूर्यास्ताच्या 18 मिनिटं आधी. आधी ते मुंबईची वेळ दाखवायचं, सातारा पडतं पूर्वेला, इथं सूर्य काही मिनिटं आधीच मावळतो, मग सेटिंगमध्ये जाऊन गाव बदललं तेव्हा कुठं जमलं. तरी आमच्या गॅलरीतून सूर्य यवतेश्वरच्या डोंगरामागं खूप आधी जातो आणि शेजारच्या काकू ओरडतात, अगं मावळला की, लाव दिवे! दर वर्षी सण मागेपुढे का होतात हे त्यांना समजवायला गेले, 19 वर्षांत 7 वेळा जास्तीचा महिना येतो म्हटलं, तर म्हणाल्या हा आमचा अधिकच झाला की.

राग एकाच गोष्टीचा. ॲपमध्ये सगळी नावं हिब्रू. माझी आजी तिशा बआवला (जेरुसलेमचं मंदिर पडलं त्याच्या दुःखाचा उपासाचा दिवस) बिरड्याचा सण म्हणायची, वालाचं बिरडं असायचं ना, आणि पुरीमला (होळीच्या सुमारास येणारा आमचा आनंदाचा सण) होळीचा सण. ही नावं ॲपला कुठून माहीत असणार, मीच नोट्समध्ये टाईप करून ठेवलीत.

आता मावश्या. शुक्रवारी दुपारी चार वाजता व्हिडिओ कॉल, फुकट, आणि दिवे लागायच्या आत बंद, कारण नंतर फोनला हात लावायचा नाही. ठाणे, पेण, अलिबाग, एक तर थेट इस्राएलमधून, आणि सगळ्या मराठीतच भांडतात. मलिद्यात (आमचा गोड पोह्यांचा प्रसाद) गूळ की साखर यावर पाऊण तास गेला, मी भिजवलेल्या पोह्यांचं ताट मांडीवर घेऊन बसलेली, शेवटी नारळ घालून साखरच घातली. किद्दुशचं (शब्बाथच्या सुरुवातीच्या प्रार्थनेचं) सरबत मात्र त्यांनीच शिकवलं, काळे मनुके रात्रभर भिजवायचे, सकाळी कुस्करून गाळायचे, मी तासगावचे आणते, एकदम झकास होतं!

दोष पण सांगते. आवाज एकमेकींवर चढतो, आणि मिन्यानला (प्रार्थनेसाठी लागणारे दहा पुरुष) हा कॉल चालत नाही. वडिलांच्या वर्षश्राद्धाला मी विचारलं, दहा पुरुष स्क्रीनवर आहेतच की, तर जुन्या मंडळींनी साफ नाही म्हटलं, दहा जण एका जागी हवेत. मग कद्दीश (गेलेल्या माणसासाठीची प्रार्थना) भावाने ठाण्याच्या देवळात म्हटलं आणि मी इथं दिवा लावला.

संध्याकाळी काकू कंदी पेढे घेऊन आल्या, आमचं नेमकं मटण झालेलं, त्यावर दूध चालत नाही. डबा फ्रीजमध्ये ठेवला, सकाळी चहाबरोबर खाल्ले.