हरभऱ्याएवढं बेअरिंग आणि सात महिन्यांची रील

गळानं मासे धरायचा सेट नोव्हेंबरमध्ये घेतला: सात फुटी, दोन तुकड्यांचा मीडियम कार्बन रॉड आणि ३००० साइझची स्पिनिंग रील. बाकी स्पेसिफिकेशन सगळ्यांना पाठ आहेत, ती परत उगाळत नाही. आता मे संपत आलाय. जळगावकडची वाघूर आणि गिरणा धरणं आणि हतनूर धरणाचा फुगवटा, तिन्हीकडे वापर झाला. रॉडबद्दल काही म्हणणं नाही. रीलबद्दल एकच तक्रार आहे, पण ती एकटी बाकी सगळ्यावर पाणी फिरवते. दोरा ज्या रोलरवरून वळून स्पूलवर जातो, तो रोलर जाम होतो.

वाचायला क्षुल्लक वाटेल. पण रोलर फिरला नाही की दोरा त्याच्यावर घासत जातो आणि प्रत्येक गुंडाळणीला पीळ खातो. हतनूरला हे लवकर लक्षात येत नाही, कारण पूर्णेनं आणलेल्या काळ्या मातीमुळे पाणी मुळातच गढूळ. वाघूरला मात्र फेब्रुवारीनंतर गाळ खाली बसलेला असतो, काठालगत तळाचे दगड दिसतात. तिथं लांबून आणि नेमकी फेक करावी लागते. पीळ बसलेला दोरा स्पूलवरून वेटोळ्यांनी सुटतो, रॉडच्या पहिल्याच कडीत गाठ अडकते आणि आमिष फटकन पाण्यावर आपटतं. त्या आवाजानंतर त्या जागी मरळ मासा मिळणार नाही.

तपासायची पद्धत सोपी आहे. रोलरवर मार्करनं एक ठिपका द्या, दोऱ्याला ओल्या फडक्यानं ताण द्या आणि हँडल सावकाश फिरवा. ठिपका फिरला तर ठीक, जागच्या जागी राहिला तर रोलर अडकलाय. नुसत्या बोटानं फिरवून बघू नका, बोटानं तो फिरतोच. ताणाखाली अडकतो, खरी गोम तिथं आहे.

कारण म्हणाल तर गाळ. ब्रेडेड, म्हणजे विणलेला दोरा पाणी धरून ठेवतो आणि पाण्याबरोबर बारीक माती रोलरपर्यंत येते. भुसावळ-जळगावच्या उन्हात पाणी तासाभरात उडून जातं, माती आणि तेलाचा लगदा मागे राहतो. उघड्या डिकीत किंवा गाडीच्या टपावर रील ठेवली की हे दुप्पट वेगानं होतं. नदीकाठची काळी धूळ वेगळीच.

सर्व्हिस सेंटरचं नाव लिहीत नाही. त्यांचं म्हणणं, रील पाण्यात बुडवलेली आहे म्हणून वॉरंटी नाही आणि अख्खं रोटर असेंब्ली, म्हणजे रोलर बसवलेला फिरता भाग, बदलावं लागेल. खर्च रीलच्या निम्म्या किमतीएवढा. मुळात खराब काय झालं होतं? ४ × ७ × २.५ मिमीचं एक बेअरिंग, हरभऱ्याएवढं. चहा-पोह्यांच्या पैशांत मिळतं. ते सुटं विकत द्यायलाही नकार!

घरी काम वीस मिनिटांचं. पांढरं कापड अंथरा. बेल आर्मचा (बेल म्हणजे दोरा रोलरवर आणणारी तारेची कमान) स्क्रू बारीक फुली पेचकसानं सोडवा. हटून बसला तर केस वाळवायच्या ड्रायरनं थोडा गरम करा, आट्यांना चिकटद्रव्य लावलेलं असू शकतं. निघेल तो भाग निघेल त्याच क्रमानं, त्याच बाजूनं कापडावर मांडा आणि फोटो काढा. वॉशर उलटा बसला तर नवं बेअरिंगही अडकेल. बेअरिंग रॉकेलमध्ये धुवा, कोरडं करा, शिलाई मशीनच्या तेलाचा एक थेंब द्या. ग्रीस नको, ते घट्ट होऊन परत तोच ताप.

इथपर्यंत सगळा दोष कंपनीच्या माथी मारला होता. तो थोडा मागे घेतो. नवं बेअरिंग घालूनही पीळ पूर्ण गेला नाही, कारण निम्मा पीळ हाताचा असतो. मासा दोरा ओढून नेत असताना हँडल फिरवत राहिलं की ५.२:१ गिअरच्या रीलवर हँडलच्या दर फेऱ्याला पाचाहून जास्त पीळ बसतात. ड्रॅग (जास्त ताण आला की दोरा सोडणारा रीलचा ब्रेक) करकरत असताना हँडल थांबवायचं, रॉड वर घ्यायचा, खाली आणताना गुंडाळायचं. फेकीनंतर बेल हातानं बंद करायचा. फिरत्या पात्याच्या स्पिनर आमिषापुढे स्विव्हल, म्हणजे फिरती जोडकडी, हवंच. बसलेला पीळ काढायचा तर आवर्तनाचं पाणी कालव्यात असताना पुलावरून, पुढे काहीही न बांधता, पन्नास-साठ मीटर दोरा वाहत्या पाण्यात सोडा आणि ओल्या फडक्यातून गुंडाळून घ्या. अस्तरीकरण केलेल्या कालव्यात मात्र उतरू नका, शेवाळलेल्या उतारावरून वर येता येत नाही.

ड्रॅगलाही सुरुवातीला नावं ठेवली होती, तीही परत घेतो. ड्रॅग पूर्ण आवळूनही दोरा सुटत होता, कारण ब्रेडेड थेट गुळगुळीत स्पूलवर बांधला होता. स्पूल जागेवर आणि दोऱ्याचा अख्खा गठ्ठा फिरतोय, असा प्रकार. खाली तंगुसाचे आठ-दहा वेढे दिले की संपलं. भरताना काठापासून दीड-दोन मिमी जागा सोडा. ड्रॅग अंदाजानं नको, स्प्रिंग काट्यानं लावा. लीडर, म्हणजे दोऱ्याच्या टोकाला जोडलेला वेगळा तुकडा, पाच किलोचा असेल तर सव्वा ते दीड किलोवर सुटला पाहिजे.

स्वच्छ पाण्यासाठी लीडर फ्लुरोकार्बनचा, ०.३० मिमी, दीड-दोन मीटर. पाण्याचा अपवर्तनांक १.३३, फ्लुरोकार्बनचा १.४२ च्या आसपास आणि नायलॉनचा १.५३ च्या, म्हणून पाण्याच्या जवळचा फ्लुरोकार्बन कमी दिसतो. पाणवनस्पतीत मरळ धरायची तर ०.४५ चा आखूड लीडर, तिथं दिसण्यापेक्षा घासण्याची भीती जास्त.

रॉडच्या कड्या महिन्यातून एकदा कापसानं तपासा. आपल्याकडे त्याला तोटा नाही. बोळा कडीतून ओढा, तंतू अडकला की आतल्या सिरॅमिकला तडा आहे. तोच कापूस आमिषाच्या कणकेत मळा. सरकी पेंड, कणीक आणि कुस्करलेलं जास्त पिकलेलं केळं, त्यात पिंजलेला कापूस चिमूटभर. कोमट पाण्यात नुसती कणीक गळावरून लगेच सुटते, ही टिकते. रोहू आणि मृगळसाठी तळाला लावा.

जाण्याचा बेत ठरवताना तारखेआधी आवर्तन बघा. पाणी सोडलं की काठ भराभर मागे सरकतो आणि गाळपेऱ्याच्या जमिनीपुढे गुडघाभर चिखल उघडा पडतो. वरून वाळलेला दिसतो, पाय ठेवला की फसतो. ३० अंशाच्या पाण्यात लिटरमागे जेमतेम साडेसात मिलिग्रॅम प्राणवायू मावतो, २० अंशाला नऊ मावतो. वनस्पती दाट असलेल्या खाडीत तर पहाटे तो सगळ्यात कमी असतो, म्हणून रोहूसाठी अंधारात जाऊन बसण्यात अर्थ नाही. दुपारनंतर पश्चिमेचा वारा सुटतो, तेव्हा पूर्वेचा, लाटा आदळणारा काठ धरा. मरळीचं तसं नाही. ती वर येऊन हवा घेते, तिचे बुडबुडे बघत सकाळी सहा ते नऊ. लालसर पिल्लांचा घोळका दिसला तर त्यावर फेक टाकू नका, खाली आई-बाप राखण करत असतात.

परवानगीचं थोडक्यात: बहुतेक जलाशयांचा मासेमारीचा ठेका मच्छीमार सहकारी संस्थांकडे असतो, आधी त्यांना विचारा. अनेर धरणाला पाणी झकास आहे, पण भोवती अभयारण्य आहे, रॉड घरी ठेवा. काठावर शेतीपंपांच्या लोंबत्या तारा असतात आणि कार्बनमधून वीज जाते. तिथून जाताना रॉडचे दोन्ही तुकडे सुटे करून हातात धरा.

पाचपैकी साडेतीन. बेअरिंग सुटं विकलं असतं तर चार दिले असते. सध्या पेटीत दोन जादा बेअरिंग आणि तेलाची बाटली असते, दर तिसऱ्या फेरीला एक थेंब. रील विकायला काढलेली नाही, पण त्याच कंपनीची दुसरी घेणार नाही.