ड्यूसबुर्गमधून घेतलेला जुना कंटेनर: दहा महिन्यांनंतरचा अनुभव

आमच्या ढोल-ताशा पथकाकडे 22 ढोल, 6 ताशे, झांजा, ध्वज आणि गणपतीच्या मखराचं सगळं सामान आहे. जर्मनीत एवढं सामान फ्लॅटच्या तळघरात मावत नाही. चार वर्षं आम्ही भाड्याच्या स्टोरेजला महिन्याला 190 युरो मोजत होतो. शेवटी गेल्या नोव्हेंबरात वीस फुटी जुना कंटेनर घेतला. एका ओळखीच्या गोदामवाल्यांनी आवारातला कोपरा अगदी कमी भाड्यात दिला.

ड्यूसबुर्गच का, तर हे शहर समुद्रापासून लांब असलं तरी ऱ्हाईन आणि रुर नद्यांच्या संगमावर आहे आणि इथलं बंदर नदीवरच्या सर्वात मोठ्या बंदरांपैकी एक. रॉटरडॅम-अँटवर्पहून बार्जमधून कंटेनर येतात, चीनमधल्या चोंगछिंगहून रेल्वेनेही येतात. भरून येणारे जास्त, भरून परत जाणारे कमी. त्यामुळे रिकाम्या पेट्यांचे डेपो उभे आहेत, आणि वय झालेल्या पेट्या तिथेच विकायला निघतात. राइनहाउझेन भागात जिथे क्रुपचा पोलाद कारखाना होता, 1993 साली बंद पडला, तिथेही आज कंटेनरच्या थप्प्याच थप्प्या दिसतात.

फोटो बघून घेऊ नका, हे मी अगदी कळकळीने सांगतो. आम्ही तिघं डेपोत गेलो आणि पाच पेट्या पाहिल्या. प्रत्येकीत आत जाऊन दोन्ही दारं बाहेरून लावून घेतली आणि डोळे अंधाराला सरावेपर्यंत पाच मिनिटं गप्प उभे राहिलो. दुसऱ्या पेटीत छताला तांदळाच्या दाण्याएवढे उजेडाचे तीन ठिपके दिसले. बाहेरून तीच पेटी सगळ्यात चकचकीत होती, ताजा रंग मारलेला. आम्ही घेतली ती चौथी: 2009 सालची, एका बाजूला पोचे आलेली, पण आत मिट्ट काळोख. वास घेऊन पाहा, रसायनाचा किंवा कुजका वास असेल तर पुढे जा. खाली वाकून फरशीखालच्या आडव्या लोखंडी पट्ट्यांना स्क्रूड्रायव्हरने टोचून पाहा. वरवरचा गंज चालतो, खपल्या निघाल्या तर नको.

दारावरच्या सीएससी पाटीवर (कंटेनरच्या सुरक्षिततेची आंतरराष्ट्रीय पाटी) बांधणीचं साल आणि लाकडाला कोणतं कीटकनाशक लावलंय ते असतं. फरशी 28 मिलिमीटर प्लायवूडची असते, आणि समुद्रप्रवासासाठी तिला औषध मारलेलं असतं. आम्ही ती घासून पुसली, दोन आठवडे दारं उघडी ठेवून हवा खेळवली, मग जाड रबरी चटया घातल्या. पाटीवरची तपासणीची मुदत संपली होती. नुसतं सामान ठेवायचं असेल तर त्याने बिघडत नाही. भरून भारतात पाठवायचा असेल, तर मात्र मुदत चालू असलेलीच पेटी घ्या.

पेटीचे 1,750 युरो आणि क्रेनवाल्या ट्रकचे 380 झाले. उजव्या दाराची खालची रबरी पट्टी फाटली होती. विक्रेत्याने बदलून देतो म्हटलं, पैसे दिल्यावर फोन उचलणं बंद केलं. पट्टी आम्हीच आणून बसवली. असं काही ठरलं तर बिलावर लिहून घ्या.

बसवताना मोठी अडचण आली ती जमिनीची. चार कोपऱ्यांखाली काँक्रीटच्या लाद्या ठेवल्या होत्या, पण आठवडाभराच्या पावसाने मागचा एक कोपरा दोन सेंटिमीटर खचला. तेवढ्याने सबंध सांगाडा पिळला आणि दारं एकमेकांवर चढली. दोघांनी रेटूनही कड्या बसेनात. मग हायड्रॉलिक जॅकने तो कोपरा उचलला, पाणसळ लावून खाली लोखंडी पट्ट्या सरकवल्या, आणि शेवटची पट्टी बसताच दार एका हाताने लागलं. म्हणून आधी खडी टाकून जमीन चोपून घ्या. आणि नगरपालिकेत आधी विचारा, कारण लोखंडी पेटी असली तरी एका जागी कायम ठेवली की इथे ती बांधकामात धरली जाते.

पण आम्हाला खरा त्रास दिला तो ओलीने. बाहेरच्या पावसाचा एक थेंब आत आला नाही. जानेवारीत एका सकाळी दार उघडलं तर छताच्या पन्हाळीतून थेंब लोंबत होते. दिवसा आतली हवा ओल धरते, रात्री पत्रा गारठतो आणि तीच वाफ छताला पाणी होऊन लागते. खाली ढोलांच्या चामड्याच्या पानांवर पांढरी बुरशी आली होती, रुपयाएवढ्या गोल डागांची. एका ढोलाचं पान बोटाने दाबलं तर ओल्या पापडासारखं दबलं. ते ढोल पुण्याहून आणलेले होते. त्या दिवशी आमच्यातलं कुणी फारसं बोललं नाही.

मूळच्या झडपा तळहाताएवढ्याही नसतात, त्या पुरत नाहीत. आम्ही एका टोकाला खाली आणि दुसऱ्या टोकाला वर अशा दोन जाळीदार झडपा कापून बसवल्या, छताला आतून 40 मिलिमीटर फोमचे पॅनेल लावले, ओल शोषणाऱ्या कॅल्शियम क्लोराइडच्या पिशव्या टांगल्या आणि सामान पॅलेटवर, भिंतीपासून वीतभर दूर ठेवलं. याला आणखी सहाशेच्या आसपास युरो लागले. आर्द्रतामापक पूर्वी 85 च्या वर असायचा, आता बहुतेक 65 च्या आतबाहेर असतो. फायबरची पानं तशीही सुरक्षित होती. चामड्याचे ढोल मात्र डिसेंबर ते फेब्रुवारी वादकांच्या घरीच राहतील, असं आम्ही ठरवून टाकलंय.

एवढं करूनही मी पुन्हा कंटेनरच घेईन. वाचलेल्या भाड्यातून दीड वर्षाच्या आत सगळा खर्च वसूल होतो. यंदा गणपतीच्या आठवडाभर आधी सगळे ढोल बाहेर काढून दोऱ्या आवळल्या, तेव्हा एकही पान फुटलं नाही. आता छताच्या एका कोपऱ्यात रंग सुटलाय. तिथला गंज घासून झिंकचा प्राइमर मारायचा आहे, थंडी पडायच्या आत.