डॉजर्स की रॉयल्स: डिसेंबर 2023 ची खरेदी कुणाला फळली?

त्या हिवाळ्यात लॉस एंजेलिस डॉजर्स या अमेरिकी बेसबॉल संघाने शोहेई ओतानीला 10 वर्षांसाठी 70 कोटी डॉलर मोजले, वर योशिनोबू यामामोटोला 12 वर्षांसाठी 32.5 कोटी. कॅन्सस सिटी रॉयल्सनी सेथ लूगो आणि मायकेल वाका हे दोन अनुभवी पिचर (चेंडू फेकणारे) मिळून 7.7 कोटींत आणले.

ओतानीने पैसे वसूल करून दिले, यात वादच नाही. 19 सप्टेंबर 2024 ला मायामीत एकाच सामन्यात 6 पैकी 6 हिट (यशस्वी फटके), त्यांत 3 होम रन (थेट मैदानाबाहेर), वर 2 बेस चोरले (फटक्याविनाच पुढच्या तळावर धाव)! डॉजर्स वर्ल्ड सिरीज, म्हणजे अंतिम किताबही जिंकले. पण हा संघ 2023 मध्येच 100 सामने जिंकला होता. 2024 मध्ये 98.

रॉयल्स मात्र 56 विजयांवरून थेट 86 वर आणि प्लेऑफमध्ये (किताबासाठीच्या बाद फेऱ्यांत)! त्यांच्या बॉबी विट ज्युनियरची बॅट तळपली हे खरंच, पण पाया रचला पिचरनी. लूगोच्या भात्यात नाना तऱ्हेचे चेंडू; त्याचा कर्व्हबॉल छातीच्या उंचीवरून निघून गुडघ्याखाली उतरतो. बेसबॉलमध्ये विजय पिचरच्या नावेही नोंदतात; त्याने 16 मिळवले, वाकाने 13.

करंडक डॉजर्सचा, पण सुधारणेत माझं मत रॉयल्सना, अगदी डोळे झाकून.