‘अलार्म वाजत नाही’ म्हणून विकलेला हेझर: दीड वर्षाच्या वापरानंतर

हा हेझर, म्हणजे दिव्यांचे झोत दिसावेत म्हणून रंगमंचावर पातळ धुकं सोडणारं मशीन, घेतला तेव्हा दुकानदार दोनदा म्हणाला, "मॅडम, पाण्यावरचा आहे, फायर अलार्म वाजायचं नाव नाही." खोक्यावरही तसंच छापलंय. मशीन मला आवडलंय, ते पुढे सांगतेच. पण हे वाक्य खोटं आहे, आणि छोट्या जागांमध्ये नाटक करणाऱ्या प्रत्येक ग्रुपला ते माहीत असायला हवं.

मी प्रकाशयोजना करते, राहते ठाण्यात, चरईला. काम बहुतेक एकांकिका आणि दीर्घांकांचं, अधूनमधून गझलेचे कार्यक्रम. गडकरीसारखं मोठं थिएटर आमच्या वाट्याला क्वचित येतं. आमचे प्रयोग होतात ते वागळे इस्टेटमधल्या गाळ्यात, नाहीतर वाशीतल्या एका तळघरातल्या हॉलमध्ये. साठ-सत्तर खुर्च्या, छत जेमतेम १२ फुटांवर.

आधी मशीनबद्दल. ब्रँड सांगून उपयोग नाही, कारण हीच बॉडी तीन-चार वेगवेगळ्या स्टिकरांनी विकली जाते. ७०० वॉटचा हीटर, एक लिटरची टाकी, वजन साधारण आठ किलो. रिक्षात मांडीवर घेऊन जाता येतं. मला १८,००० रुपयांना पडलं. गरम व्हायला चार मिनिटं लागतात. डीएमएक्सचे, म्हणजे लाइटच्या बोर्डावरून मशीन चालवायचे, दोन चॅनेल आहेत, एक धुक्याचा आणि एक पंख्याचा, आणि हे दोन वेगळे असणं फार महत्त्वाचं आहे. पंखा पूर्ण ठेवून धुकं १० टक्क्यांवर आणलं की हवेत नुसती एक पातळ साय धरते. समोरच्या रांगेला ढग दिसत नाहीत, पण वरून मारलेला अरुंद स्पॉट छतापासून जमिनीपर्यंत उभा दिसतो. आधी मी भाड्याने फॉग मशीन आणायचे. ते फुस्सकन लोट सोडायचं, तो दोन मिनिटं नटांच्या तोंडावर राहायचा आणि मग काहीच नाही. आवाजात मात्र हे मशीन कमी पडतं. पंखा पूर्ण असताना शांत प्रवेशात पहिल्या दोन रांगांना घरघर ऐकू येते. म्हणून मी तिसऱ्या घंटेच्या वीस मिनिटं आधी हॉल भरून घेते, प्रयोगात मशीन बंद ठेवते आणि ब्लॅकआउटला संगीत असेल तेव्हाच थोडं सोडते.

आता अलार्म. मागच्या पावसाळ्यात वागळेच्या गाळ्यात रंगीत तालीम होती. दुकानदाराच्या शब्दावर विसंबून मी कुणालाही न विचारता मशीन लावलं. पंचविसाव्या मिनिटाला भोंगा सुरू झाला. वरच्या मजल्यावर पॅकेजिंगचं युनिट आहे, तिथे रात्रपाळी चालू होती. तीसेक माणसं जिन्याने धावत खाली आली आणि भर पावसात रस्त्यावर उभी राहिली. त्यातले एक काका रेलिंगला धरून कितीतरी वेळ धापा टाकत होते. मी त्यांची माफी मागितली. ते म्हणाले, "आग नाही ना ताई, मग झालं." तो चेहरा अजून डोळ्यांसमोर आहे.

दुसऱ्या दिवशी फायरचं काम करणाऱ्या ओळखीच्या टेक्निशियनकडून छतावरचा धुराचा डिटेक्टर उघडून बघितला. आत काळी छोटी खोली असते. एका बाजूला इन्फ्रारेड एलईडी, दुसऱ्या बाजूला सेन्सर, पण तिरका, म्हणजे एलईडीचा प्रकाश सरळ त्याच्यावर पडत नाही. हवेत बारीक कण आले की प्रकाश त्यांच्यावर आपटून विखुरतो, थोडा सेन्सरवर पडतो आणि अलार्मच्या पॅनेलला खबर जाते. हे ऐकलं आणि सगळा उलगडा झाला. माझा बीम, म्हणजे दिव्याचा झोत, दिसतो तोही असाच, कणांवरून विखुरलेल्या प्रकाशामुळे. ज्या हेझरने बीम दिसेल त्याने असा प्रकाशावर चालणारा, म्हणजे ऑप्टिकल, डिटेक्टरही जागा होऊ शकतो. पाण्यावरचा असो, तेलाचा असो, कितीही महाग असो. कमी सोडलं तर उशिरा वाजेल, कधी वाजणारही नाही, पण त्याचा भरवसा नाही.

सगळ्यांना धास्ती असते ती स्प्रिंकलरची, म्हणजे वरून पाणी कोसळेल याची. पण नेहमीच्या स्प्रिंकलरला धुक्याशी देणंघेणं नसतं. त्यातली काचेची कुपी उष्णतेने फुटते, लाल रंगाची असेल तर ६८ अंशांना. किचनमध्ये आणि पार्किंगमध्ये बऱ्याचदा हीट डिटेक्टर असतात, तेही तापमानावर चालतात, हेझने वाजत नाहीत. म्हणून नवीन जागेत गेले की मी आधी मान वर करून छत बघते: कुठला डिटेक्टर, किती, एसीचा रिटर्न, म्हणजे हवा परत ओढणारी जाळी, कुठे. डक्टचा एसी असेल तर जास्त काळजी, कारण डक्टमध्येही डिटेक्टर असू शकतो आणि हॉलमधलं धुकं एसी स्वतःच ओढून तिथे पोचवतो.

त्या गाळ्यात मान वर केली तर एका डिटेक्टरवर पिवळी प्लास्टिकची पिशवी आणि रबरबँड. आधीच्या कुठल्यातरी ग्रुपने बांधून तशीच सोडलेली. किती महिने तो आंधळा होता कोण जाणे. वॉचमन म्हणाला, "सगळेच बांधतात, तुम्ही पण बांधा." मी पिशवी तिथल्या तिथे काढायला लावली. ८ ऑगस्ट २०२४ च्या रात्री कोल्हापूरचं केशवराव भोसले नाट्यगृह जळालं. दुसऱ्या दिवशी केशवरावांची जयंती होती. कॉलेजात असताना त्या रंगमंचावर मी एकदा दिवे लावले होते. सकाळी फोटो बघून मी रडले. आपण लाकूड, कापड आणि तापलेल्या दिव्यांमध्ये काम करतो. डिटेक्टरला पिशवी बांधणाऱ्या माणसासोबत मी काम करणार नाही.

मग करायचं काय? वाशीच्या तळघरात आम्ही जे करतो ते सांगते. तिथलं पॅनेल अ‍ॅड्रेसेबल आहे, म्हणजे प्रत्येक डिटेक्टरचा नंबर वेगळा, त्यामुळे फक्त हॉलवरचे चार तेवढे पॅनेलवरून आयसोलेट, म्हणजे तात्पुरते बंद, करता येतात. पॅसेजमधले, लिफ्टजवळचे आणि काच फोडून दाबायचं लाल बटण चालूच राहतं. ते काम मी करत नाही, हॉलवाल्यांचा माणूसही करत नाही. महाराष्ट्रात २००६ च्या अग्निसुरक्षा कायद्याप्रमाणे इमारतीच्या मालकाला दर जानेवारीत आणि जुलैत परवानाधारक एजन्सीकडून यंत्रणा चालू असल्याचं प्रमाणपत्र द्यावं लागतं, त्यालाच सगळे ‘फॉर्म बी’ म्हणतात. ते कोण देतं हे हॉलवाल्यांना विचारायचं आणि त्याच एजन्सीचा माणूस त्या संध्याकाळसाठी बोलवायचा. आम्ही त्याला १,५०० रुपये देतो. प्रयोगाच्या बजेटमध्ये हा खर्च हेझरच्या लिक्विडच्या वरच्या ओळीत असतो.

आयसोलेट केल्यापासून परत चालू होईपर्यंत आमच्यातला एक जण काहीही न करता फक्त लक्ष ठेवतो. हातात टॉर्च, शेजारी आग विझवायचा सिलेंडर, आणि तो चालवता येणारा माणूस. दाराला दुहेरी पडदा लावतो, नाहीतर उशिरा येणाऱ्या प्रेक्षकाबरोबर धुकं पॅसेजमध्ये जातं आणि तिथला चालू असलेला डिटेक्टर वाजतो. मशीन मागच्या कोपऱ्यात जमिनीवर, तोंड भिंतीकडे. सरळ वर सोडलं तर कोमट धुकं छताला जाऊन बसतं. प्रयोग संपल्यावर एक्झॉस्ट लावून निदान पाऊण तास थांबावं लागतं. घाई करून डिटेक्टर चालू केले तर तेव्हाच वाजतील. चालू केल्याची वेळ रजिस्टरमध्ये लिहून सही घेतल्याशिवाय मी गाडीत सामान चढवत नाही.

लिक्विडबद्दल थोडं. ग्लायकॉल आणि पाणी हाच मामला आहे, पण सुटं, बिननावाचं कॅन स्वस्त पडतं म्हणून एकदा घेतलं, तर हीटर चोंदला आणि नटांचे घसे धरले. आता मशीनसोबत सांगितलेलंच घेते. माझ्या सवयीने एक लिटर चार प्रयोगांना पुरतं. दमा असलेल्या प्रेक्षकांसाठी तिकीट खिडकीवर ठळक पाटी लावतो.

तर मशीन घ्या, या किमतीत चांगलं आहे. फक्त खोक्यावरच्या त्या ओळीवर काट मारा.

वागळेचा गाळा मात्र मी हेझसाठी सोडला. तिथलं पॅनेल जुन्या पद्धतीचं आहे, अख्ख्या मजल्याचा एकच झोन. माझ्या बीमसाठी शेजारच्या दोन युनिटांचे डिटेक्टरही बंद करावे लागतील, आणि ते मला मान्य नाही. मालकांनी पॅनेल बदलायचं कबूल केलंय. तोपर्यंत तिथले प्रयोग मी दोन्ही विंगांतून कमरेच्या उंचीवर लावलेल्या साइड लाइटवर करते. शनिवारी पुढचा आहे.