टूर गाइड सेट, सहा महिन्यांनंतर: तक्रार एकच, माइकचा फोम

गाइडच्या माइकचा एक ट्रान्समीटर, ऐकणाऱ्यांच्या कानांसाठी पंधरा रिसीव्हर, चार्जिंगची पेटी. ८६३ ते ८६५ मेगाहर्ट्‌झचा नेहमीचा सेट. एप्रिल ते सप्टेंबर स्कॉटलंडमध्ये मराठी गटांबरोबर वापरला.

चौदा माणसांना हे कशाला, आवाज चढवला की भागतं, असं आधी वाटत होतं. कलोडनच्या माळावर ते मत बदललं. तिथे वारा थांबत नाही, मागच्या काकूंपर्यंत निम्मं वाक्य पोचत नाही. शिवाय कुळांची नावं कोरलेले दगड (१८८१ साली बसवलेले) म्हणजे १६ एप्रिल १७४६ च्या लढाईत सरकारी फौजेविरुद्ध लढताना पडलेल्यांच्या सामूहिक कबरी. तिथे ओरडणं शोभत नाही. सेट असला की सगळ्यांना पायवाटेवरच उभं ठेवून सांगता येतं, गवताच्या उंचवट्यांवर कुणाचा पाय पडत नाही. एवढ्यासाठीच पैसे वसूल.

आता फोम, म्हणजे माइकवरचं स्पंजचं आवरण. भुरभुर पावसात पंधरा-वीस मिनिटांत आवाज आधी बसका होतो, मग खरखर, मग बंद. भिजलेल्या फोममधून आवाज पुढे जात नाही आणि ओल माइकच्या भोकापर्यंत झिरपते. सेट विक्रेत्याकडे पाठवला, तीन आठवड्यांनी 'दोष आढळला नाही' म्हणून परत आला. आढळणार कसा, पोचेपर्यंत तो वाळलेला! पुन्हा पाठवल्यावर उत्तर आलं की ओलीचं नुकसान वॉरंटीत बसत नाही. बाहेर फिरण्यासाठी म्हणून विकलेल्या सेटबद्दल हे उत्तर मला अजिबात मान्य नाही. एक तारा त्याचाच कापला.

उपाय स्वस्त आहे. चार फोम झिपच्या पिशवीत ठेवा आणि भिजला की लगेच बदला. ओला फोम पिळू नका, टिश्यूत दाबा आणि शर्टाच्या आतल्या खिशात वाळवा. गाडीच्या हीटरवर ठेवला तर कडक होऊन भुगा पडतो. वाऱ्यासाठी फोमवर केसाळ टोपी चढवा, तिच्यावरून थेंबही ओघळून जातात. बुडाशी दोऱ्याचे दोन वेढे हवेतच, नाहीतर मफलरला अडकून निघते. काळा फोम हेदरच्या झुडपात पडला की गेला, म्हणून लाल घ्या.

माइक तोंडासमोर नको. ओठांच्या कोपऱ्यापासून दोन बोटं लांब, जरा खाली. मराठीत हे जास्तच जपावं लागतं. कलोडनला कॅम्पबेल कुळातले लोक सरकारी बाजूने लढले हे सांगताना भाऊबंदकी, फूट, फितुरी हे शब्द येणारच, आणि प्रत्येक 'भ'ला, 'फ'ला चौदा कानांत धप्प आवाज होतो.

रेंजबद्दल सुरुवातीला मी वाईट बोललो होतो, ते मागे घेतो. कूरॉस गावात मर्कॅट क्रॉसपासून (बाजारचौकातला दगडी खांब) ॲबीकडे, म्हणजे जुन्या मठाकडे, चढताना मागच्यांचा आवाज तुटायचा. चूक ट्रान्समीटर पॅन्टच्या मागच्या खिशात ठेवण्याची होती, अंगच सिग्नल अडवतं. पट्ट्याने छातीशी लटकवल्यावर निम्मा त्रास गेला. उरलेला दगडी घरांचा: वळण घेतलं की थांबायचं, डोकी मोजायची, मगच बोलायचं.

डंकेल्ड कॅथीड्रलमध्ये सेटचं खरं सुख कळतं. पूर्वेकडच्या भागात आजही चर्च चालतं, त्यामुळे उपासनेच्या वेळी आत जायचंच नाही. एरवी १३९० मध्ये एल्गिनचं कॅथीड्रल जाळणाऱ्या 'बॅडेनॉकच्या लांडग्या'च्या (सरदार अलेक्झांडर स्टुअर्टचं टोपणनाव) थडग्याशी उभं राहून अगदी पुटपुटलं तरी शेवटच्या आजोबांना स्पष्ट ऐकू येतं. श्रवणयंत्रवाल्यांसाठी गळ्यात घालायची इंडक्शन लूप (आवाज थेट श्रवणयंत्रात पोचवणारी तार) मात्र वेगळी मागवा, सेटबरोबर येत नाही.

भारतातून सेट नेणार असाल तर आधी फ्रिक्वेन्सी तपासा. भारतात परवान्याशिवाय चालणारा पट्टा वेगळा आहे. आणि हेडसेट ट्रान्समीटरला कायमचा जोडलेला नसावा, साध्या ३.५ मिमी पिनचा असावा. दोन जादा घेऊन ठेवले की विक्रेत्याशी पत्रव्यवहार करायची वेळच येत नाही.